आज्ञार्थ आणि स्वार्थ

पूर्णेहून अकोल्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसमत हे तालुक्याचे गाव लागते. आज ते हिंगोली जिल्ह्यात मोडते. १ मे १९९९ रोजी तो जिल्हा निराळा झाला, त्यापूर्वी ते परभणीत होते, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावाची कीर्ती हळदीची. हळद जमिनीतून निघाली की तशीच बाजारात जात नाही. ती शिजवावी लागते, मग उन्हात वाळवावी लागते, आणि शेवटी घासून तिच्यावर झळाळी आणावी लागते. यांत नाजूक काम शिजवण्याचे. वाफेची यंत्रे येण्यापूर्वी ते मोठ्या कढयांतून होत असे, आणि हळकुंड शिजले की नाही हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे त्यात काडी टोचून पाहावयाची. अशा कढईशी उभा असलेला जाणता शेतकरी शेजारी उभ्या असलेल्या मुलास काय सांगेल? "जाळ वाढव" असे एक वाक्य सुचते. "काडी अजून आत जात नाही" असे दुसरे. दोन्ही वाक्यांनी चुलीत लाकूड पडते हे खरे. परंतु पहिल्याने मुलगा जाळ वाढवण्यास शिकतो, आणि दुसऱ्याने हळद शिजवण्यास. पुढल्या वर्षी बाप कढईशी नसेल तेव्हा हा फरक कळून येतो.

आमच्या व्याकरणकारांनी या दोन प्रकारच्या वाक्यांस नावे देऊन ठेविली आहेत. क्रियापदाचे जे रूप हुकूम, विनंती अथवा उपदेश सांगते ते आज्ञार्थी; जे केवळ काय घडले, घडते वा घडेल एवढेच सांगते ते स्वार्थी. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली छापून निघाले व मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ १९११ साली. तेव्हापासून शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाने हे अर्थ घोकले आहेत. 'स्वार्थ' हा शब्द व्यवहारात बदनाम झालेला असल्यामुळे मुलांस तेथे हमखास हसू येते. पण व्याकरणातला हा स्वार्थ मोठा निःस्वार्थ आहे. तो ऐकणाऱ्याकडून काही मागत नाही, आहे ते पुढे ठेवून बाजूस होतो. आमच्या देशातील उपदेशाचा इतिहास या एका भेदाच्या अंगाने वाचून पाहावा असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत आले आहे, आणि त्यास वसमतेच्या आसपासच्या मुलखाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, हा भेद काही सामान्य नव्हे. त्यावर आमच्या शास्त्रकारांनी शतकानुशतके वाद केला आहे. मीमांसकांचे म्हणणे असे की, वेद हा कर्मासाठी आहे. तेव्हा ज्या वाक्यात 'करावे' किंवा 'करू नये' असे काही नाही ते वाक्य हवे कशाला? जैमिनीच्या सूत्रांत ही शंका स्वच्छ मांडलेली आहे, आणि तिचे जे उत्तर दिले आहे तेही आज्ञेच्या बाजूचेच आहे. कोरे कथन करणारी वाक्ये जवळच्या विधीस चिकटून त्याची स्तुती करतात, म्हणून ती निरर्थक नव्हेत, असे ते उत्तर. म्हणजे आज्ञा हा यजमान आणि कथन हा त्याचा भाट. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या चौथ्या सूत्रावरील भाष्यात यावर हल्ला चढविला. त्यांचा दृष्टांत सर्वांस ठाऊक आहे, पण तो कोणत्या वादात आला हे पुष्कळांस ठाऊक नसते. अंधारात दोरीस साप समजून एक मनुष्य थरथर कापत आहे. त्यास कोणी सांगितले की ही दोरी आहे, साप नव्हे. एवढ्यानेच त्याचा कंप थांबतो. येथे 'भिऊ नकोस' अशी आज्ञा कोणी केलीच नाही, आणि केली असती तरी तिचा उपयोग झाला नसता. वेदांती आणखी एक उदाहरण देत असत: बाहेरगावी असलेल्या गृहस्थास पुत्र झाल्याची वार्ता कोणी आणतो, आणि ती ऐकताच त्याचा चेहरा फुलतो. त्या वाक्यात करावयास सांगितलेले काहीच नाही. पेढे आणावयास तो आपण होऊनच निघतो.

अकराव्या शतकात काश्मिरात मम्मटाने काव्याचे प्रयोजन सांगताना हाच विचार रसिकांच्या भाषेत मांडला. उपदेश तीन प्रकारचा: धन्यासारखा, मित्रासारखा आणि प्रियेसारखा. वेद पहिल्या जातीचा, पुराणे व इतिहास दुसऱ्या, काव्य तिसऱ्या. या तीन पायऱ्यांवर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे, तेव्हा आम्ही येथे अधिक रेंगाळत नाही. एवढेच म्हणतो की गीतेस या कोष्टकात बसविणे अवघड आहे. सारे सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनास विचार करून मनास येईल तसे वागण्याची मोकळीक देतात, आणि अवघ्या तीन श्लोकांनंतर सर्व सोडून शरण येण्याची आज्ञा करतात. स्वतः भगवंतालाही मोकळीक देऊन स्वस्थ बसणे जड गेलेले दिसते. मग घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आम्ही काय दोष द्यावा?

आता वसमतेहून उत्तरेस, पंचवीस-तीस किलोमीटरांवर असलेल्या औंढा नागनाथास जाऊ. बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे हे देऊळ यादवकालीन आहे. खालचा कोरीव दगडी भाग जुना आणि वरचे काम मागाहूनचे, हे पाहताक्षणी कळते. गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली आहे व तेथे अरुंद पायऱ्यांनी उतरावे लागते. औंढ्याच्या पलीकडे, हिंगोलीच्या बाजूस, नरसी हे गाव. तेथे १२७० साली नामदेवांचा जन्म झाला असे परंपरा मानते. नामदेवांस गुरू भेटला तो औंढ्यास. ही कथा महिपतीने १७६२ साली पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'त येते व ती कीर्तनांतून घरोघर पोहोचलेली आहे. ती इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. परंतु सहाशे-सातशे वर्षे एखादा समाज शिकणे म्हणजे काय हे जिच्यातून आपल्या मुलांस सांगत आला, ती कथा त्या समाजाच्या इतिहासाचा भागच होय.

कथेचा आरंभ तेरेस होतो. गोरोबा कुंभाराच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी त्यांचे थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले. मडके कच्चे की भाजलेले हे याने कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग या मडक्यांतही कच्चे कोणते ते पाहा, असे निघाले; गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारण्यास आरंभ केला. इतर स्वस्थ राहिले. नामदेव चिडले. गोरोबांनी निकाल दिला: हे मडके कच्चे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गोरोबांचे वाक्य पूर्णपणे स्वार्थी आहे. त्यात आज्ञेचा लेश नाही. गुरू कर, अहंकार सोड, असे त्यांनी काहीच म्हटले नाही. आणि तरीही ज्याने पंढरीच्या देवास जेवू घातले अशी ज्याची ख्याती, त्या नामदेवांस ते वाक्य इतके झोंबले की ते रडत विठ्ठलाकडे गेले. तेव्हा कोरे कथन म्हणजे मृदू बोलणे असा ज्यांचा समज असेल त्यांनी तेरची ही सभा आठवावी. आज्ञेस नाही म्हणता येते. "तू कच्चा आहेस" यास नाही म्हणावे तर त्या नाही म्हणण्यातच कच्चेपण उघडे पडते. आम्हांस तर गोरोबा येथे थोडे निष्ठुरच वाटतात. पण त्यांचा धंदाच तो. मडक्यास पक्के हो असे सांगून ते पक्के होत नसते, आणि कच्चे असता पक्के म्हणून विकले तर विकत घेणाऱ्याच्या घरी पाणी गळते.

विठ्ठलाने नामदेवांस विसोबा खेचरांकडे पाठविले. हे विसोबा कोण? परंपरेप्रमाणे हे एके काळी ज्ञानदेवादी भावंडांचे कट्टर द्वेष्टे. मुक्ताबाईस मांडे भाजावयास खापर मिळू नये म्हणून कुंभारांस मनाई करणारे. म्हणजे ज्याचे आयुष्य मनाईत गेले असा हा मनुष्य. मग ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजलेले त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि पालटला. त्यालाही कोणी उपदेश केला नव्हता. जे घडले ते त्याच्या दृष्टीस पडले एवढेच. त्यांची समाधी बार्शीस दाखवितात. 'षट्स्थळ' नावाचा एक ग्रंथ त्यांच्या नावावर आहे, आणि त्यावर रा. चिं. ढेरे यांनी प्रकाश टाकला आहे. ग्रंथाच्या नावावरूनच वीरशैव विचाराशी त्यांचा संबंध सूचित होतो, आणि लिंग व अंग यांचे ऐक्य हा तर त्या विचाराचा गाभा. पुढील प्रसंग वाचताना हे मनात ठेविले तर बरे.

नामदेव औंढ्याच्या देवळात गेले तो एक म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेला. नामदेवांस राहवले नाही. त्यांनी पाय काढण्यास सांगितले. कथेतला पहिला आज्ञार्थ असा शिष्याच्या तोंडी आहे, गुरूच्या नव्हे. आणि तो अगदी शास्त्रशुद्ध, योग्य, कोणीही भाविक करील असा आहे. म्हातारा रागावला नाही. आपण वृद्ध झालो, पाय उचलवत नाहीत, असे त्याने सांगितले, आणि जेथे देव नसेल तेथे तूच हे पाय उचलून ठेव, अशी विनंती केली. नामदेवांनी पाय उचलले व दुसरीकडे ठेविले. तेथे लिंग उमटले. तिसरीकडे ठेविले, तेथेही तेच.

आता व्याकरणाच्या कसोटीने पाहू गेल्यास आमची सारी मांडणी येथे कोसळते. विसोबांचे निर्णायक वाक्य आज्ञार्थी आहे! 'ठेव' हे आज्ञार्थाचेच रूप. आम्ही स्वतः पूर्वी ही कथा आज्ञेवाचून केलेल्या उपदेशाचा नमुना म्हणून सांगत असू, आणि एका चौकस मुलाने ही अडचण काढल्यावर आम्हांस पुष्कळ वेळ उत्तर सुचले नव्हते. ते आता असे सुचते. ही आज्ञा पाळता येण्याजोगी नाही. ती पाळण्याचा प्रामाणिक यत्न करणाऱ्यास ती का पाळता येत नाही हे कळावे, एवढ्याचसाठी ती दिलेली आहे. आणि ते कळणे म्हणजेच उपदेश. देव सर्वत्र आहे हे विसोबांनी सांगितलेच नाही. सांगितले असते तर नामदेवांनी मान डोलावली असती, कारण हे वाक्य त्यांनी आधी शंभर वेळा ऐकलेले, कदाचित गाइलेलेही असेल. पाय मात्र नामदेवांनाच उचलावे लागले. जे पाय काढ म्हणून त्यांनी दरडावले त्यांचे ओझे त्यांच्याच हातांत आले.

आणि याच्या उलट टोकाचे उदाहरण पाहावयास औंढ्यास जाण्याचेही कारण नाही. ते कोणत्याही एकत्र कुटुंबाच्या माजघरात सापडते. "तुळशीपाशी अजून दिवा दिसत नाही." वाक्य स्वार्थी, केवळ वस्तुस्थितीचे कथन. पण सुनेस विचारा, यात किती आज्ञा आहेत आणि किती टोमणे. लेकी बोले सुने लागे ही म्हण ज्या समाजाने घडविली त्यास स्वार्थी वाक्याची धार पुरती ठाऊक होती. सरळ "दिवा लाव" म्हणणारी सासू पत्करली, असे म्हणणाऱ्या सुना आम्ही ऐकल्या आहेत, आणि त्यांचे खरे आहे. सरळ आज्ञेस सरळ उत्तर देता येते. लावते, किंवा हातचे काम झाल्यावर लावते. कथनाच्या पडद्याआड बसलेल्या आज्ञेस उत्तर नसते, कारण मी काही म्हटलेच नाही असे म्हणावयास बोलणारा मोकळा राहतो. कढईपाशी "काडी आत जात नाही" असे म्हणणारा बाप आणि ही सासू यांच्या वाक्यांत व्याकरणाला काही फरक दिसणार नाही. फरक हा की, बाप मुलाला हळकुंड दाखवीत असतो, आणि सासू दिवा दाखवीत नसते, सुनेला दाखवीत असते.

समर्थ रामदासांस हे सर्व चांगले ठाऊक असावे. तेही याच मराठवाड्यातले, जांबचे. जन्म १६०८ चा. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा व दुसरा उत्तम लक्षणांचा. दोन्ही एकमेकांस लागून, एकाच लेखणीतले. दुसऱ्यात अमुक करू नये, तमुक करू नये अशी निषेधांची रांग आहे. पहिल्यात निषेध नाही. असे असे वागणारा मूर्ख होय, एवढाच निकाल ओवीमागून ओवीत येतो. लोकांच्या तोंडी कोणता समास अधिक आहे? आमच्या पाहण्यात तरी पहिला. त्याचे एक कारण उघड आहे व ते फारसे गौरवाचे नाही: मूर्खलक्षणे वाचताना प्रथम शेजारी आठवतो. पण दहा ओव्या शेजाऱ्याच्या वाचून झाल्यावर अकरावीत आपण सापडतो, आणि तेव्हा पोथी बंद करता येत नाही. 'मनाच्या श्लोकां'त तर समर्थांनी वेगळीच युक्ती केली. ते दोनशे पाच श्लोक आज्ञांनी भरलेले आहेत. परंतु त्या आज्ञा त्यांनी स्वतःच्या मनास केल्या, आणि आम्ही त्या जाता जाता ऐकतो. लेकी बोले सुने लागे हाच प्रकार. फक्त येथे बोलणे खरोखरच लेकीशी आहे, म्हणून सुनेस ते बोचत नाही.

महानुभावांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. चक्रधरांनी शिष्यांस आचाराच्या आज्ञा पुष्कळ केल्या. कोठे राहावे, कसे हिंडावे, काय खावे. पण जेथे विचार समजावून द्यावयाचा तेथे ते गोष्ट सांगत. केशोबासांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस अशा एकशे चौदा गोष्टी 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केल्या. त्यांची बांधणी मोठी सूचक आहे: आधी चक्रधरांचे सूत्र, मग त्यांनी सांगितलेला दृष्टान्त, आणि शेवटी त्याचे तात्पर्य सांगणारे दार्ष्टान्तिक. यांपैकी पहिली दोन चक्रधरांची. तिसरे केशोबासांनी जोडलेले. गुरूने गोष्ट सांगून सोडून दिली होती, शिष्याने ती बांधून ठेविली. आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट ऐकल्यावर ज्यास तात्पर्य विचारावे लागते, त्याच्यासाठी केशोबासांनी सोय केली, याबद्दल त्यांस नावे ठेवू नयेत. संप्रदाय टिकवावयाचा तर ती सोय लागतेच.

मराठवाड्यास या प्रकरणी आणखी एक अनुभव पदरी आहे, तो उर्वरित महाराष्ट्रास नाही. हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही दरबारी भाषा झाली. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूतून शिकवीत असे. याचा अर्थ वसमतेच्या शेतकऱ्यास जे फर्मान, जी नोटीस, जो हुकूम येई तो त्याच्या मातृभाषेत नसे. आणि पोथी, कीर्तन, ओवी, आजीची गोष्ट ही मात्र मराठीत. आज्ञा एका भाषेत आणि उपदेश दुसऱ्या भाषेत, अशी वाटणी येथे सहजच झाली. १९२९ च्या सुमारास निघालेल्या गश्ती निशाण ५३ ने परवानगीवाचून सभा भरविण्यास बंदी केली, तेव्हा तर बोलणे हेच हुकुमाच्या कक्षेत आले. उर्दू ही गोड भाषा. तिच्यात गालिबही लिहितो. पण या मुलखातील जुन्या माणसांच्या कानांस ती पुष्कळ काळ कचेरीचीच भाषा वाटत राहिली, यात त्या भाषेचा दोष काडीइतकाही नाही. ज्या भाषेतून केवळ हुकूमच कानी पडतात ती कोणतीही असो, तिचे असेच होते. मराठीही ज्यांना केवळ सरकारी फलकांवरच भेटते, त्यांस ती कशी वाटत असेल, याचा विचार आता आम्ही केला पाहिजे.

नामदेवांकडे परत येऊ. औंढ्याच्या देवळाविषयी दुसरी आख्यायिका अशी आहे की, नामदेव समोर कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांस उठून मागे जाण्यास सांगितले. ते मागे जाऊन बसले व गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी मागच्या बाजूस आहे, तो याचीच खूण म्हणून दाखवितात. नामदेवांनी या वेळी वाद घातला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पाय काढ म्हणून ओरडणारे नामदेव हे नव्हते.

पुढे ते उत्तरेस गेले, आणि परंपरा सांगते की पंजाबात त्यांनी सुमारे वीस वर्षे काढली. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. नरसीहून गेलेला हा शिंपी. तेथे ना त्याचे गोत, ना त्याची भाषा, ना पाठीशी राजा की मठ. त्याची आज्ञा ऐकावयास तेथे कोणी बांधलेले नव्हते. त्याने पदे रचली, ती तिकडच्या बोलीत. आणि ती ऐकून घुमानच्या लोकांनी त्यास ठेवून घेतले.